ईडेलभोवतीच्या धाववाटा

ईडेल हे इंग्लंडच्या डार्बीशर परगण्यातले, नो नदीच्या खोऱ्यात वसलेले लहानसे खेडे. पश्चिमेला मँचेस्टर आणि पूर्वेला शेफील्ड ही दोन मोठी औद्योगिक शहरे, आणि त्यांच्या मधोमध हे खोरे. १८९४ मध्ये या दोन शहरांना जोडणारा लोहमार्ग इथून गेला. पश्चिमेचा डोंगर काउबर्न बोगद्याने फोडून गाडी खोऱ्यात उतरली आणि ईडेलला स्थानक मिळाले. आजही शेफील्डहून साधारण अर्ध्या तासात आणि मँचेस्टरहून पाऊण तासात इथे पोचता येते. फलाट सोडल्यावर काही मिनिटांत पायाखाली डोंगराची वाट येते. इंग्लंडमध्ये डोंगरात धावणाऱ्यांचे जे मोजके अड्डे आहेत, त्यांत ईडेलचे नाव वर येण्याचे पहिले कारण हे स्थानक आहे.

दुसरे कारण जमीन. खोऱ्याच्या उत्तरेला किंडर स्काउटचे पठार उभे आहे. त्याचा सर्वांत उंच बिंदू ६३६ मीटरवर असून संपूर्ण पीक डिस्ट्रिक्टमध्ये त्याहून उंच जागा नाही. दक्षिणेला मॅम टोरपासून लूज हिलपर्यंत गेलेली डोंगराची धार आहे. तिला ‘ग्रेट रिज’ म्हणतात. पश्चिमेला रशप एज आणि ब्राउन नोल या दोन्ही बाजू जोडतात. खेडे समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे कोणत्याही बाजूला निघाले तरी अडीचशे ते चारशे मीटर चढ ठरलेला. आकडे सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला किरकोळ वाटतील, पण अक्षांश ५३ अंशांच्या पुढचा आहे. तिथे सहाशे मीटरवर वारा, पाऊस आणि थंडी वेगळ्याच हिशेबाने वागतात.

खोऱ्याच्या दोन बाजूंचा खडकही वेगवेगळा आहे. किंडरचा माथा ग्रिटस्टोन या खरखरीत वालुकाश्माचा. त्याच्यावर पीटचा, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा, काही ठिकाणी दोन-तीन मीटर जाडीचा थर आहे. या काळ्या मुलखाला ‘डार्क पीक’ म्हणतात. ग्रेट रिज ओलांडून दक्षिणेला कॅसलटनकडे उतरले की चुनखडक लागतो, गवत हिरवेगार होते, गुहा दिसू लागतात. तो ‘व्हाइट पीक’. तासाभराच्या धावेत या दोन्ही प्रदेशांच्या सीमेवरून जाता येते. बुटाचा तळ हा फरक डोळ्यांच्या आधी ओळखतो: ग्रिटस्टोन ओला असतानाही पाय धरून ठेवतो, ओला चुनखडक मात्र पाय निसटवतो.

धावमार्गांकडे वळण्याआधी हे मार्ग मुळात कोणाचे आहेत ते समजून घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक शेत, कुरण आणि डोंगर कोणाच्या तरी मालकीचे असते. मात्र त्यातून जाणाऱ्या पायवाटेवर चालण्याचा हक्क सर्वांचा असू शकतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने सिद्ध झालेला हा हक्क मालक बदलला तरी बुडत नाही, आणि पायी जाण्याच्या हक्कात धावणेही येते. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भाग प्रवेश कायद्याने स्थानिक शासनांवर अशा वाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी टाकली. वाट त्या नकाशावर असणे हाच तिच्या अस्तित्वाचा निर्णायक पुरावा ठरतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक हक्काच्या वाटांची एकूण लांबी सव्वादोन लाख किलोमीटरच्या घरात आहे. वाटेवरच्या खुणांत पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाण्याची वाट, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकल यांनाही मुभा असलेली वाट. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात. शेताचा गडगा कुठे आहे हेही त्यात कळते, आणि धुक्यात धावणाऱ्याला त्याचा फार मोठा आधार असतो.

सर्वांत सोप्या वाटा खोऱ्याच्या तळाशी आहेत. ईडेल हे एका जागी दाटलेले गाव नाही. अपर बूथ, बार्बर बूथ, ग्रिंड्सब्रुक बूथ, ऑलरब्रुक बूथ आणि नेदर बूथ अशा पाच वस्त्या मिळून ते बनले. मध्ययुगात इथे गुराख्यांचे निवारे होते, त्यांच्याभोवती पुढे शेतवाड्या उभ्या राहिल्या. या वस्त्यांना जोडणाऱ्या पायवाटा शेताशेतांतून, गडग्यांमधल्या अरुंद फटींतून, फाटकांतून आणि छोट्या ओढ्यांवरच्या पुलांवरून जातात. चढ फारसा नाही, पण वेगही साधत नाही. दर दोनशे-तीनशे पावलांवर फाटक उघडायचे, बाहेर पडून ते पुन्हा नीट लावायचे, मेंढ्यांना वळसा घालायचा. नवख्यांना हे अडथळे वाटतात. इथल्या धावपटूंच्या लेखी मात्र तो धावेचाच भाग असतो, कारण उघडे राहिलेले एक फाटक शेतकऱ्याची अख्खी सकाळ खाऊ शकते.

दक्षिणेकडची धार हा ईडेलचा सर्वांत लोकप्रिय मार्ग. बार्बर बूथवरून मॅम निक या खिंडीत चढायचे, तिथून मॅम टोरचा माथा (५१७ मीटर), मग पूर्वेकडे धारेवरून हॉलिन्स क्रॉस, बॅक टोर आणि लूज हिल (४७६ मीटर), आणि शेतांतून खाली परत गावात. हा फेरा बाराएक किलोमीटरचा भरतो. मॅम टोर ते लूज हिल हे तीनेक किलोमीटरचे अंतर सर्वांत सुंदर आहे: डावीकडे ईडेलचे खोरे आणि किंडरचा काळा कडा, उजवीकडे कॅसलटनचे खोरे आणि चुनखडकाच्या टेकड्या. हॉलिन्स क्रॉस ही या धारेवरची बसकी जागा. ईडेलहून कॅसलटनला जाणारी जुनी वाट इथूनच धार ओलांडते, आणि पूर्ण फेरा नको असेल तर इथूनच खाली उतरता येते.

मॅम टोरच्या माथ्यावर कांस्ययुगाच्या अखेरीपासूनच्या वस्तीचे आणि तटबंदीचे अवशेष आहेत. रोजच्या हजारो पावलांनी ते झिजू नयेत म्हणून नॅशनल ट्रस्टने माथ्यावरची वाट दगडांनी बांधून काढली आहे. या डोंगराची पूर्व बाजू मात्र स्थिर नाही. शेल या ठिसूळ खडकाचे थर पावसाच्या पाण्याने सैल होऊन सुमारे चार हजार वर्षे घसरत आले आहेत. याच घसरणीवरून काढलेला वाहनरस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागला आणि अखेर १९७९ मध्ये तो कायमचा बंद झाला. त्याचे मोडलेले, एकावर एक चढलेले डांबरी थर आजही तिथे आहेत. कॅसलटनकडून मॅम टोर गाठू पाहणारे धावपटू त्या तुकड्यांवरून चढतात. डोंगर हलतो म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा तिथे अधिक लवकर समजते.

उत्तरेकडचे किंडर हे वेगळेच प्रकरण आहे. गावातून ग्रिंड्सब्रुकच्या घळीतून चढत जाणारी वाट सुरुवातीला झाडीतून आणि ओढ्याकाठाने सौम्य चढते, वर मात्र ती मोठमोठ्या धोंड्यांत शिरते. तिथे धावणे संपते आणि हातांचा आधार घेत चढणे सुरू होते. पठाराच्या काठावर पोचल्यावर डावीकडे, म्हणजे पश्चिमेला वळून ग्रिंड्सलो नोल, क्राउडन टॉवर, वूलपॅक्स आणि नो स्टूल अशी ओळीने नावे येतात. वाऱ्या-पावसाने घडवलेल्या ग्रिटस्टोनच्या या शिळा एकेका शिल्पासारख्या उभ्या आहेत. वाट त्यांच्या मधून वळत जाते, कधी वाळूवर, कधी खडकावर, कधी काळ्या चिखलात. पुढे ‘जेकब्स लॅडर’ने उतरून अपर बूथमार्गे परत यायचे. हा फेरा साधारण तेरा किलोमीटरचा, पण सपाट रस्त्यावर तेवढे अंतर धावायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज इथे कामाचा नाही. सरावलेल्या माणसालाही त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ सहज लागतो.

जेकब्स लॅडर ही दगडी पायऱ्यांची खडी वाट. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा शेतकरी इथे राहत असे. मालवाहू तट्टू नागमोडी वाटेने हळूहळू वर येई आणि तो स्वतः सरळ चढून आधीच वर पोचे. त्यासाठी त्याने पायऱ्या खोदल्या, असे सांगतात. पायथ्याशी तट्टूंसाठी बांधलेला अरुंद दगडी पूल अजून वापरात आहे. चेशरमधले मीठ आणि इतर माल तट्टूंच्या पाठीवर लादून या डोंगरांतून नेला जाई, आणि वरच्या खिंडीतला ईडेल क्रॉस हा दगडी क्रूस त्या काळच्या वाटसरूंना दिशा दाखवी. खोऱ्याच्या पूर्व टोकाला होप क्रॉस नावाचा १७३७ साल कोरलेला मार्गस्तंभ आहे. त्याच्या शेजारून रोमन काळातला रस्ता जातो. धावण्याच्या आनंदासाठी म्हणून आखलेली वाट या परिसरात क्वचितच सापडते. धावणारा ज्या वाटांवर असतो, त्या बहुतेक सगळ्या कोणाच्या तरी पोटापाण्यासाठी पडलेल्या आहेत.

पठाराचा काठ सोडून आत शिरले की वाटा संपतात. पीटमध्ये पाण्याने कोरलेल्या, डोक्याएवढ्या खोल घळी सगळीकडे पसरल्या आहेत. इथले लोक त्यांना ‘ग्रफ’ म्हणतात. त्यातून सरळ रेषेत जाता येत नाही. एकीत उतरायचे, तळाच्या चिखलातून पलीकडची भिंत चढायची, तोवर पुढची समोर. नजरेला कोणतीही खूण नसते आणि धुके आले तर दहा पावलांवरची शिळाही दिसेनाशी होते. म्हणून होकायंत्रावर दिशा धरून धावणे हे इथले मूळ कौशल्य मानले जाते. जीपीएस आल्यानंतरही डोंगरशर्यतींचे नियम नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवायला सांगतात, आणि ते योग्यच आहे: थंडीत बॅटरी लवकर उतरते, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

इंग्लंडमध्ये डोंगरावरच्या धावण्याला ‘फेल रनिंग’ म्हणतात. फेल रनर्स असोसिएशन १९७० मध्ये स्थापन झाली. शर्यतींचे वर्गीकरण चढ आणि अंतर या दोन गोष्टींवर होते. ‘ए’ वर्गाच्या शर्यतीत प्रत्येक किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ असावा लागतो आणि अंतराचा फार तर पाचवा हिस्सा पक्क्या रस्त्यावर चालतो. वीस किलोमीटरच्या वर गेली की शर्यत ‘लांब’ मानतात. जलरोधक जाकीट आणि विजार, टोपी, हातमोजे, शिट्टी, नकाशा, होकायंत्र आणि थोडे राखीव खाणे हे साहित्य लांब आणि कठीण शर्यतीत बंधनकारक असते. ईडेलची या प्रकारातली प्रसिद्ध शर्यत म्हणजे ‘ईडेल स्कायलाइन’. खोऱ्याच्या सगळ्या कडांवरून एक पूर्ण फेरी: किंडरची दक्षिण कड, जॅगर्स क्लफची घळ, विन हिल, लूज हिल, ग्रेट रिज, रशप एज, ब्राउन नोल आणि पुन्हा किंडर. अंतर सुमारे ३४ किलोमीटर, एकूण चढ तेराशे मीटरच्या पुढे. गावातल्या कोणत्याही शेतात उभे राहून मान फिरवली तर ही सगळी वाट क्षितिजावर दिसते. एवढा मोठा आणि तरीही एका नजरेत मावणारा मार्ग दुसरीकडे शोधावा लागेल.

राखीव कपड्यांचा आग्रह हौसेखातर धरलेला नाही. १९६४ च्या मार्चमध्ये याच डोंगरांतून होणाऱ्या ‘फोर इन्स’ या लांब पल्ल्याच्या पदयात्रेत वाऱ्या-पावसाने गारठून तीन तरुण स्काउट मरण पावले. तापमान गोठणबिंदूच्या फार खाली जावे लागत नाही. भिजलेले कपडे, जोराचा वारा आणि थकवा एवढे पुरेसे असते. दमलेला माणूस थांबतो, थांबला की शरीर तापायचे बंद होते, मग विचार मंदावतात आणि आपण संकटात आहोत हेच त्याला कळत नाही. त्या घटनेनंतर पीक डिस्ट्रिक्टमधील बचाव पथकांची एकत्रित संघटना उभी राहिली. ईडेलचे स्वतःचे बचाव पथक १९५६ पासून काम करते आणि त्याचे सदस्य स्वयंसेवक आहेत. रात्री-अपरात्री, आपापली नोकरी सांभाळून ते डोंगरावर जातात आणि सोडवलेल्या माणसाकडून पैसे घेत नाहीत.

आज किंडरवर मोकळेपणाने धावता येते, पण शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकात सामाईक माळराने कुंपणबंद झाली आणि किंडरचा माळ ग्राउझ या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखला गेला. रखवालदार लोकांना हुसकावून लावत. पायवाटा वाचवण्याचे प्रयत्न तेव्हापासूनचे आहेत. १८७६ मध्ये किंडरच्या पश्चिमेकडच्या हेफील्ड गावी त्यासाठी एक संस्था निघाली, १८९४ मध्ये पीक डिस्ट्रिक्टसाठी अधिक मोठी संस्था स्थापन झाली, आणि तिने वाटाघाटी करून १८९७ मध्ये किंडरच्या उत्तर बाजूची ‘स्नेक पाथ’ ही वाट लोकांसाठी खुली करून घेतली. हे काम चिकाटीचे आणि संथ होते. आठवडाभर कारखान्यात राबून रविवारी मोकळी हवा शोधणाऱ्या तरुणांना मात्र एवढा धीर उरला नव्हता.

२४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने काहीशे लोक हेफील्डहून बंदी मोडून किंडरवर चढले. शेफील्डच्या कार्यकर्त्यांची एक तुकडी त्याच दिवशी ईडेलहून जेकब्स लॅडरच्या वाटेने निघून त्यांना वर मिळाली. रखवालदारांशी झटापट झाली. सहा जणांना अटक झाली, आणि त्यांपैकी पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. पदभ्रमण संघटनांचे प्रस्थापित नेते या कृतीच्या विरोधात होते. शिक्षेच्या कठोरपणाने मात्र लोकमत ढवळून निघाले. १९४९ चा कायदा केवळ या एका दिवसामुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्याच्या मागे अनेक दशकांचे काम होते. पण या दिवसाशिवाय तो तसाच झाला असता असेही म्हणता येत नाही. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. १९८२ मध्ये किंडर नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आले. २००० च्या कायद्याने डोंगर, माळ आणि सामाईक जमिनींवर वाट सोडूनही पायी फिरण्याचा हक्क दिला, आणि पीक डिस्ट्रिक्टमध्ये तो २००४ मध्ये लागू झाला. २००२ मध्ये, १९३२ च्या त्या सत्याग्रहाच्या सत्तराव्या वर्षी, तेव्हाचे ड्यूक ऑफ डेव्हनशर हेफील्डला आले आणि किंडरच्या मालकांपैकी एक असलेल्या आपल्या आजोबांच्या वागणुकीबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली.

ईडेलहून सुरू होणारा सर्वांत लांब मार्ग म्हणजे पेनाइन वे. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ मध्ये ‘डेली हेरल्ड’मधून त्याची कल्पना मांडली आणि प्रत्यक्ष मार्ग १९६५ मध्ये, सत्याग्रहाच्याच तारखेला, खुला झाला. ईडेलच्या ‘ओल्ड नॅग्ज हेड’ या जुन्या मद्यगृहापासून स्कॉटलंडमधल्या कर्क येटमपर्यंत त्याची लांबी २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३१ किलोमीटर. चालणाऱ्याला दोन-तीन आठवडे लागतात. माइक हार्टली यांनी १९८९ मध्ये तो दोन दिवस साडेसतरा तासांच्या आत धावून पूर्ण केला, आणि हा विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. २०२० मध्ये जॉन केली यांनी तो मोडला, काही दिवसांतच डेमियन हॉल यांनी त्यांचा, आणि २०२१ मध्ये केली यांनी तो पुन्हा आपल्याकडे आणत ५९ तासांच्या आत अंतर कापले.

याच मार्गावर २०१२ पासून जानेवारीत ‘स्पाइन रेस’ होते. दिवसाला जेमतेम आठ तास उजेड, बाकी सगळे डोक्यावरच्या दिव्याच्या प्रकाशात. २०१९ मध्ये पशुवैद्यक असलेल्या जॅस्मिन पॅरिस यांनी ही शर्यत स्त्री-पुरुष सर्वांना मागे टाकून ८३ तास १२ मिनिटांत जिंकली. आधीच्या विक्रमापेक्षा ही वेळ बारा तासांहून अधिक कमी होती. त्यांची मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती, आणि वाटेतल्या थांब्यांवर त्या तिच्यासाठी दूध काढून ठेवत होत्या.

इतक्या पावलांचा भार पीट सोसू शकत नाही. पेनाइन वेची मूळ वाट ग्रिंड्सब्रुकच्या घळीतून पठाराच्या मधून जात असे. ती इतकी उखडली की मुख्य मार्ग जेकब्स लॅडरकडे वळवावा लागला. पण पीटचे खरे नुकसान पायांनी केलेले नाही. मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्यांच्या धुरातल्या आम्लाने स्फॅग्नम हे शेवाळ मेले. पाणी धरून ठेवणारे आणि वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर पीट तयार करणारे तेच होते. ते गेल्यावर काळी माती उघडी पडली आणि वारा-पाण्याने, वणव्यांनी आणि मेंढ्यांच्या चराईने वाहून जाऊ लागली. पुढे गिरण्या बंद पडल्या, पाडल्या गेल्या, आणि त्यांच्या फरशीचे प्रचंड दगड हेलिकॉप्टरने उचलून या माळांवर आणले गेले. किंडरच्या वायव्येला मिल हिलपासून स्नेक पास या घाटरस्त्यापर्यंत पेनाइन वे आज या फरशांवरून जातो. एकेकाळी जिथे धावणारा मांडीपर्यंत रुतत असे, तिथे आता पाऊल नेमके टाकता येते. हिवाळ्यात मात्र याच फरशांवर बर्फाचा काचेसारखा थर बसतो.

२००३ पासून ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ हा संस्थांचा गट उजाड पीट सावरण्याचे काम करतो. चुना आणि गवताचे बी टाकायचे, हेदर या झुडपाच्या छाटणीने माती झाकायची, घळींत दगडाचे आणि लाकडाचे छोटे बांध घालायचे, मेंढ्यांना कुंपणाबाहेर ठेवायचे आणि मग स्फॅग्नमची रोपे लावायची. काळे पडलेले किंडर अनेक जागी पुन्हा हिरवे झाले आहे, आणि बांधांमुळे पावसाचे पाणी खोऱ्यात सावकाश उतरते. माळावर परतलेल्या झाडोऱ्यात कर्ल्यू आणि गोल्डन प्लोव्हर हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. म्हणून १ मार्च ते ३१ जुलै या काळात मोकळ्या माळावर कुत्रा आखूड दोरीनेच न्यावा लागतो. माळावर शेगडी पेटवायला बंदी आहे, कारण कोरड्या पीटला लागलेली आग जमिनीखाली दिवसचे दिवस धुमसते. एप्रिलमध्ये खोऱ्यात कोकरे असतात, उन्हाळ्यात वासरांसह गायी; वासरू आणि गाय यांच्या मधून न जाता लांबचा वळसा घ्यायचा असतो. ओल्या वाटेवर डबके टाळून कडेच्या गवतावरून धावले की वाट दर हंगामात रुंदावते आणि नवी जमीन उघडी पडते. म्हणून इथे जाणत्या धावपटूकडून अपेक्षा असते ती चिखलाच्या मधूनच जाण्याची.